चोवीस अंडी, दोन रिजेक्ट

३१ डिसेंबरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जेवण असतं. केटरर बोलवायचा की नाही यावर दोन वर्षं भांडणं झाली आणि शेवटी ठरलं, की ज्यानं त्यानं एकेक पदार्थ घरून करून आणायचा. कोणी काय करायचं त्याच्या चिठ्ठ्या निघतात. गेल्या वर्षी आम्हाला पुलाव आला. बायकोनं केला, मी पातेलं वर नेलं, विषय संपला. या वर्षी चिठ्ठी लेकीनं उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, 'स्टार्टर, नॉनव्हेज, ४० नग'. बायकोनं चिठ्ठी वाचली, तिची घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात सरकवली.

"रविवारी भुर्जी केली की आठवडाभर ऐकवता ना. आता हे पण तुम्हीच करा."

मी भोसरीला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीत आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, समोर नगांचे क्रेट. त्यामुळे 'नग' हा शब्द वाचला की मला लॉट दिसतो, आणि लॉट दिसला की त्यातलं रिजेक्शन. चिकनचं काहीतरी बाहेरून आणून वाढणं सोपं होतं. पण खिशातल्या त्या चिठ्ठीबरोबर मला एकदम ओहायो आठवलं.

काही वर्षांपूर्वी कंपनी एक मशीन घेणार होती, त्याच्या पाठवणीआधीच्या तपासणीसाठी मला तीन आठवडे अमेरिकेत धाडलं होतं. तिथल्या शॉपफ्लोअरवर एका शुक्रवारी कामगारांचं जेवण होतं, आमच्या सोसायटीसारखंच, ज्यानं त्यानं घरून आणलेलं. एका म्हाताऱ्या फिटरनं काचेचं ताट आणलं होतं. त्या ताटालाच अंडाकृती खळगे पाडलेले, आणि प्रत्येक खळग्यात अर्धं उकडलेलं अंडं. पिवळा बलक काढून, कालवून, परत भरलेला, वर लाल भुकटी. डेव्हिल्ड एग्ज. तीन आठवडे पाव आणि चीज खाऊन माझी जीभ झोपली होती, ती त्या मोहरीच्या आंबट-तिखट चवीनं उठून बसली. मी पाच खाल्ली. सहावं उचलताना फिटरनं माझ्याकडे पाहिलं, म्हणून ठेवलं.

'डेव्हिल्ड' म्हणजे सैतानी. इंग्रजीत अठराव्या शतकापासून झणझणीत पदार्थाला हे विशेषण लावतात. उकडलेल्या अंड्याला चटकदार काहीतरी लावून जेवणाआधी खायची चाल मात्र त्याहून खूप जुनी, रोमन लोकांची जेवणं अंड्यानं सुरू व्हायची. गंमत म्हणजे अमेरिकेतही काही भागांत चर्चच्या जेवणात सैतानाचं नाव नको, म्हणून याच पदार्थाला 'स्टफ्ड एग्ज' म्हणतात. मीही सोसायटीच्या यादीत 'भरली अंडी' असंच लिहिलं. आमच्याकडे चर्च नाही, आई आहे.

आई माळकरी. विश्रांतवाडीला आमच्या घरापासून थोड्याच अंतरावरून माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाते आणि त्या दिवशी आई पहाटेपासून रस्त्यावर असते. तिनं आम्हाला अंडी खायला कधी मनाई केली नाही. फक्त अंड्याचं पातेलं वेगळं, झारा वेगळा, घासणी वेगळी, आणि ते सगळं ओट्याच्या खालच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात. अंडी शिजत असली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून बोलते, आत येत नाही.

पहिला लॉट मी १४ डिसेंबरच्या रविवारी लावला. ट्रायल म्हणून सहा अंडी. मुद्दाम चांगली, ताजी बघून आणली. दुकानदाराला म्हटलं, आजचा माल दे, आणि त्यानं अभिमानानं ट्रेमधून काढून दिली. थंडीत अंडी महाग होतात, एक नग आठ रुपयांना पडला. (दूरदर्शनवर 'संडे हो या मंडे' ऐकत आमची पिढी मोठी झाली. ती जाहिरात करणारी एनईसीसी, म्हणजे नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, १९८२ साली अंडी उत्पादकांनी उभी केली आणि त्यामागचे बी. व्ही. राव वेंकटेश्वर हॅचरीजचे, म्हणजे आमच्या पुण्यातल्याच उद्योगसमूहाचे. शेकड्याचा भाव अजूनही तीच संस्था रोज सांगते. पण आठ रुपयांचं अंडं हातात फुटलं की यातलं काहीच आठवत नाही.)

अंडी गार पाण्यात घातली, गॅस लावला, पाणी खळखळल्यावर वीस मिनिटं ठेवली. कच्ची राहायला नकोत एवढाच विचार. मग सोलायला बसलो.

पहिल्या अंड्याचं टरफल निघेना. निघालं ते पांढऱ्याचा लचका घेऊन. दुसऱ्याचं तसंच. तिसरं सोलून झालं तेव्हा ते उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. टरफलाच्या आतला पापुद्रा पांढऱ्याला असा चिकटला होता, की वाटलं अरालडाइट लावलंय. सहातलं एक कसंबसं गुळगुळीत निघालं. ते कापलं तर पिवळ्याभोवती हिरवट-काळं कडं, आणि पिवळा मध्यावर नसून एका बाजूला पार भिंतीला टेकलेला. तिथली पांढऱ्याची भिंत कागदाएवढी. चमच्यानं पिवळा काढायला गेलो आणि ती फाटली.

सहापैकी सहा रिजेक्ट. तेवीस वर्षांच्या नोकरीत असा लॉट मी पाहिला नव्हता.

"रीवर्क करा," बायको म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला. रात्री अंडा करी झाली.

संध्याकाळी चौकातल्या भुर्जीच्या गाडीवर गेलो. हा माणूस रोज शेकड्यानं अंडी उकडतो, एकाही अंड्याला ओरखडा नसतो. गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि विचारलं. तो हसला.

"साहेब, तुम्ही ताजी आणली असतील."

"हो, एकदम ताजी."

"तिथंच फसलात. ताजं अंडं आम्लेटला. उकडायचं अंडं आठ-दहा दिवसांचं पाहिजे. आणि उकळत्या पाण्यात सोडायचं, गार पाण्यात नाही. सोलताना आधी बुडाकडनं फोडायचं, जिकडं पोकळी असते तिकडनं."

घरी येऊन त्याच्या बोलण्यामागचं कारण शोधलं, आणि माणूस अचूक होता. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलाला डोळ्याला न दिसणारी हजारो छिद्रं असतात, त्यांतून तो वायू दिवसागणिक बाहेर पडतो. पांढऱ्याचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं अल्कली) सुरुवातीला साडेसातच्या थोडा वर असतो, तो चढत चढत ९ च्या पुढे जातो. पीएच कमी असताना उकडलं, की पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. वाढल्यावर सोडून देतं. पाणीही हळूहळू उडतं, त्यामुळे बुडाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि तिथून नख शिरायला जागा मिळते. आणि गार पाण्यातून हळूहळू तापवलं, तर पांढऱ्याला पापुद्र्याशी जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात टाकलं की बाहेरचा थर झटक्यात आकसतो आणि सुटा होतो. भुर्जीवाल्याला पीएच माहीत नसेल, पण प्रोसेस माहीत होती. आमच्याकडे असे दोन-तीन जुने ऑपरेटर आहेत, ते मशीनच्या आवाजावरून टूल झिजलंय हे सांगतात.

हिरवं कडं तर माझ्याच खात्यातलं निघालं, लोखंडाचं. पांढऱ्यात गंधक असतं, पिवळ्यात लोह. जास्त वेळ तापलं की पांढऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि पिवळ्याच्या कडेला लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड तयार होतं. खायला काही धोका नाही, पण दिसायला गंज. उपाय दोन, वेळ कमी करायचा आणि शिजल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात टाकायचं. म्हणजे क्वेंचिंग, तापलेला धातू आम्ही एकदम गार करतो तसं. हे वाचल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्याच रात्री तीसचा ट्रे आणून फ्रिजवर ठेवला, पिकायला. बायकोनं विचारलं, आंबे आहेत का?

दुसरी ट्रायल पुढच्या रविवारी. मधल्या आठवड्यात एक शंका डोक्यात घोळत होती. मी वाचलेल्या अमेरिकेतल्या कृतींत उकळत्या पाण्यात अकरा मिनिटं असं लिहिलेलं. पण पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास. दर तीनेकशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. म्हणजे आपलं पाणी शंभरला उकळतच नाही. वर्कशॉपमधून डिजिटल थर्मामीटर आणला (नवाकोरा, पाकीटबंद, स्टोअरच्या वहीत सही करून), पातेल्यातल्या खळखळत्या पाण्यात धरला. आकडा ९८ वर गेला आणि तिथंच बसला. गॅस मोठा केला, झाकण ठेवलं, तरी ९८. लेकीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एवढा आनंद झाला होता का कधी?"

दोन अंश म्हणजे फार नाही, पण अकरा मिनिटांनी काढलेल्या अंड्याचा गाभा मधोमध मेणासारखा ओलसर राहिला. आम्लेट-भुर्जीच्या माणसाला तो आवडेल. मला तो कोरडा, भुरभुरीत हवा होता, नाहीतर गाळणीतून जात नाही. साडेबारा मिनिटांवर बरोबर बसला. हा आकडा मध्यम आकाराच्या अंड्याचा, आमच्या गॅसवरचा आणि आमच्या पातेल्यातला. मोठं अंडं असेल तर अर्धं-पाऊण मिनिट वाढवावं लागेल.

या ट्रायलमध्ये सोलण्याचा प्रश्न सुटला होता. बुडाकडून टिचकी मारली, पाण्याच्या भांड्यात बुडवून अंगठा फिरवला की टरफल टोपी काढल्यासारखं निघायचं. पण सहांपैकी दोन पाण्यात पडताक्षणी तडकली, कारण गेल्या दोन दिवसांत बायकोनं ट्रे फ्रिजच्या वरून फ्रिजच्या आत हलवला होता आणि मी अंडी तशीच गार उचलून सोडली. धातूचं पण असंच होतं. त्यानंतर अंडी तासभर आधी बाहेर काढायची आणि झाऱ्यात घेऊन हलकेच सोडायची, हे ठरलं.

राहिला पिवळा मध्यावर आणण्याचा प्रश्न. यावर मी बराच वेळ घालवला आणि त्याची मला लाज वाटत नाही. अर्धं केलेलं अंडं म्हणजे वाटी, वाटीची भिंत एका बाजूला पातळ आली की भरताना फाटणार. पिवळा आत दोन पिळदार दोऱ्यांनी टांगलेला असतो. अंडं जुनं होतं तसं पांढरं पातळ होतं, दोऱ्या सैल पडतात आणि पिवळा तरंगत वरच्या बाजूला जातो. म्हणजे सोलायला सोपं जे जुनं अंडं, तेच सेंटरिंगला वाईट. उपाय असा, की आदल्या रात्री अंडी आडवी ठेवायची. ट्रेमध्ये ती उभी असतात, त्यामुळे पिवळा बुडाकडे किंवा टोकाकडे सरकतो. आडवी ठेवली की लांबीच्या मापात मध्यावर येतो. आणि पाण्यात सोडल्यावर पहिली दोन मिनिटं चमच्यानं हळू गोल फिरवत राहायचं, म्हणजे बाकीच्या बाजूंनीही. अंडी आडवी ठेवायला लेकीच्या जुन्या कंपासपेटीपासून बुटाच्या खोक्यापर्यंत सगळं करून पाहिलं. शेवटी टॉवेलची घडी घालून परातीत ठेवली.

आता सारण.

अमेरिकेतला मूळ मसाला साधा आहे. कुस्करलेला पिवळा बलक, मेयोनीज, मस्टर्ड, थोडं व्हिनेगर, मीठ, मिरपूड, वरून पॅप्रिका. दुकानातून मेयोनीजची बाटली आणली आणि तिच्यावर हिरवा ठिपका दिसला. आपल्याकडे मिळणारं बहुतेक मेयोनीज बिनअंड्याचं असतं. अंड्यात घालायला बिनअंड्याचं मेयोनीज, यावर बायको दोन दिवस हसत होती. पण माझं दुखणं वेगळं होतं, ते गोड होतं. पिवळ्यात कालवलं तर चव लहान मुलांच्या वाढदिवसाच्या सँडविचसारखी आली. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करावं, तर चाळीस जणांना कच्चं अंडं खायला घालायचं धाडस माझ्यात नाही. डेअरीतून पाव किलो चक्का आणला. चक्क्याला आंबटपणा असतो, तो घट्ट असतो, आणि त्यात दोन चमचे तेल घोटून घातलं की तोंडात तो चिकट तुकतुकीतपणाही येतो. अमेरिकेतला फिटर हे खाऊन काय म्हणाला असता ठाऊक नाही, पण मला ती अदलाबदल पटली.

पॅप्रिकाच्या जागी ब्याडगीची पूड. रंग भरपूर, तिखट बेताचं, काम तेच. यात फार विचार केला नाही.

अडलं मोहरीवर. मस्टर्ड सॉसची बाटली आणली, पिवळीधमक. चव आंबट, झणका शून्य. ओहायोत मला जे जागं करून गेलं होतं ते हे नव्हतं. मग आपली काळी मोहरी मिक्सरमध्ये फिरवून, गरम पाणी आणि लिंबू घालून लगदा केला. कडू झाला. नुसता कडू. उंबऱ्यावरून आई बघत होती.

"काय वाटतोयस?"

"मोहरी."

"आरं, मोहरी अशी वाटत्यात व्हय? मोहरी फेसत्यात."

मला 'फेसणे' हा शब्द माहीत होता, पण कैरीच्या लोणच्यापुरता. लहानपणी लोणच्याच्या दिवसात आई खलबत्ता घेऊन बसली, की आम्ही पोरं खोलीतून पळून जायचो, डोळ्यांत पाणी यायचं म्हणून. काकडीच्या कोशिंबिरीतही ती घालायची. नंतर मिक्सर आला, बाजारातून तयार मसाला यायला लागला, आणि खलबत्ता फक्त वेलदोड्यापुरता उरला.

आई आत आली. म्हणजे अंडी त्या वेळी गॅसवर नव्हती म्हणून आली. खलबत्ता काढला, दोन चमचे मोहरी घेतली, आधी कोरडी फोडली. मग माठातलं गार पाणी, चमचाभर. घोटायला लागली. पुन्हा थोडं पाणी. तिचं मनगट वाकडं झालंय हल्ली, पण बत्ता एकाच लयीत फिरत होता. दोन-तीन मिनिटांत पिवळसर फेस धरला. तिनं खल माझ्या नाकाशी नेला.

"हुंग."

हुंगलं आणि कानशिलापर्यंत कळ गेली. डोळे घळाघळा. हाच तो, ओहायोचा सैतान, आमच्या ओट्यावर.

"चढली," आई म्हणाली. "पंगत बसायच्या येळंला फेसायची. आणि लिंबू-बिंबू मागनं. आधी घातलं की मरती ती."

पुन्हा कारण शोधलं, कारण आता मला सवयच लागली होती. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच दाण्यात पण वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं विकर. दाणा अख्खा असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दाणा फुटला आणि गार पाणी लागलं, की गाठ पडते आणि तो नाकात चढणारा पदार्थ तयार होतो. गरम पाण्यानं विकर मरतं. आंबट आधीच घातलं तर ते कामाला लागत नाही. मी एकाच वेळी दोन्ही केलं होतं. आणि बाटलीतली अमेरिकी पिवळी मस्टर्ड बोथट का, तर ती पांढऱ्या मोहरीची असते, तिचा झणका मुळात सौम्य. तो पिवळाधमक रंगही मोहरीचा नसतो, हळदीचा असतो. हे आईला सांगितलं तेव्हा तिला अमेरिकेबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटलेली दिसली.

"हळद घालत्यात? मग बरे असतील लोक."

तिनं फेसलेल्या मोहरीचं बोट जिभेला लावलं, मीठ कमी आहे म्हणाली आणि हात धुऊन हरिपाठाला गेली. सारणाला तिनं हात लावला नाही, मीही पुढं केलं नाही.

एक भांडण मात्र झालं. पिवळा बलक अगदी मऊ व्हायला हवा, गुठळी राहिली तर सारण भरायच्या कोनाच्या तोंडाशी अडकते. माझी नजर वरच्या फळीवरच्या पुरणयंत्रावर गेली. नुसती नजरच. आई मागं न बघता म्हणाली, "त्याला हात लावशील तर होळीला पुरणपोळी मिळायची न्हाय." मग चहाची जुनी स्टीलची गाळणी बाजूला काढली, चमच्याच्या पाठीनं घासून बलक त्यातून पाडला. वेळ लागतो, पण रव्यासारखा पडतो. गाळणी आता खालच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात.

बारा पिवळ्यांना अर्धी वाटी चक्का, दोन चमचे तेल, दोन छोटे चमचे फेसलेली मोहरी, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर साखर, अगदी बारीक चिरलेली एक हिरवी मिरची. हे माप ट्रायलमध्ये बसलं. बायकोनं चाखून त्यात मिरपूड वाढवली आणि माझ्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला.

३१ तारखेला अर्धा दिवस सुट्टी टाकली. रजेच्या अर्जावर कारण 'घरगुती'. चाळीस नगांना वीस अंडी, पण मी चोवीस घेतली. सगळी आधी पाण्यात टाकून पाहिली. तळाशी निजली ती ताजी, बूड वर करून कलती उभी राहिली ती हवी तशी, तरंगलं असतं तर फेकायचं होतं, पण तसं एकही निघालं नाही. पहिल्या बाराचा घाणा दोन वाजता. चोवीस एकदम टाकली असती तर पाण्याचा उकळा बसला असता आणि साडेबारा मिनिटांचं गणित कोलमडलं असतं, म्हणून दोन घाणे. झाऱ्यानं सोडली, दोन मिनिटं फिरवली, मोबाइलवर गजर लावला, मग बर्फाच्या बादलीत. बादली नवी आणली होती, सांगायला नको.

सोलताना एक हातातून निसटून सिंकमध्ये पडलं आणि दुभंगलं. एकाचा पिवळा सगळे उपाय करूनही कडेला. बावीस पास.

कापताना सुरी प्रत्येक वेळी ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर पिवळ्याचे डाग पांढऱ्यावर येतात. हे कोणी सांगितलं नव्हतं, तीन कापल्यावर कळलं. प्रत्येक अर्ध्याच्या पाठीवरची पातळ चकती काढली, म्हणजे ताटात लोळणार नाही. त्या चकत्या लेक उभ्या उभ्या खात होती.

चार वाजता मोहरी फेसली. आई देवळात भजनाला गेली होती, त्यामुळे खलबत्ता माझ्या हातात. गार पाणी, कोरडी फोड, सगळं तिच्यासारखं. नाकात चढली. डोळ्यांतून पाणी आलं. झकास. सारण कालवून झाकून फ्रिजमध्ये, पांढऱ्या वाट्या वेगळ्या डब्यात. भरून ठेवायची नाहीत, वाटीला पाणी सुटतं.

आठ वाजता लेकीनं मेंदीचे कोन काढले. म्हणजे मेंदीच्या कोनाचा प्लास्टिकचा कागद, कोन तिनं नवीन वळले. मी दोन भरले, दोन्ही बाजूनं फुटले. मग तिनं माझ्या हातातून कोन घेतला, टोक कात्रीनं तिरकं कापलं आणि एका दमात बारा भरली, प्रत्येकावर पाकळी. मला म्हणाली, तुम्ही फक्त लाल टाका. मी ब्याडगी टाकली, बोटाच्या चिमटीनं, थोड्या उंचीवरून.

खळग्यांचं ताट आपल्याकडे कुठलं? बायकोचं नॉनस्टिक आप्पेपात्र निघालं. बारा खळगे, अर्धं अंडं चपखल. जणू यासाठीच घडवलंय. उरलेली परातीत कोबीच्या किसावर बसवली. चव्वेचाळीस भरली, चाळीस वर गेली. चार आम्ही डिस्पॅचआधी तपासणीसाठी ठेवून घेतली.

गच्चीवर थंडी होती, शेकोटी होती, कोणीतरी स्पीकर लावला होता. पहिली पाच मिनिटं कोणी हात लावला नाही, लोक आप्पे समजत होते. मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार काका आले, एक उचललं, तोंडात टाकलं, थांबले. "मेसमध्ये खाल्लं होतं हे," एवढंच म्हणाले आणि अजून दोन घेतली. त्यानंतर रांग लागली. पावणेदहाला परात रिकामी. एक गृहस्थ कोबी खात होते.

एक गोष्ट मला खटकत होती, पण मी कोणाला बोललो नाही. चव चांगली होती, आंबट-तिखट, सगळं मापात. पण दुपारी नाकात जी कळ गेली होती ती कुठं दिसली नाही. कोणी डोळे पुसले नाहीत. फक्त दोन पोरांनी 'कसलं भारी लागतंय नाकात' म्हटलं, आणि त्यांतल्या एकाला सर्दी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तुळशीला पाणी घालून आली, चहाचा कप घेतला आणि विचारलं, "चढली का मोहरी?"

"थोडी. दोघांना."

"चाळिसात दोघांना?" तिनं कप खाली ठेवला. "कवा फेसलीस?"

"चारला."

"आणि खाल्ली कवा?"

"नऊला."

"पाच तास," आई म्हणाली. "मोहरी काय तुझी वाट बघत बसती व्हय?"